उणे पंधराचं औषध

३ डिसेंबर
आणि मी चुकीचं काय बोललो? आक्काचं फोनवर परत तेच. तू तिथे चहा देतोस, औषधं नको शोधूस. चहा देतो, पण कुणाला? हैदराबादेत औषधं शोधणाऱ्यांना! शिवाय कॉम्प्युटरच्या खोलीचा एसी माझ्या ताब्यात. एसी बंद, तर शोध बंद. गावी नान्नांचा, म्हणजे वडिलांचा, पायाचा अंगठा युरिक अ‍ॅसिडनं टोमॅटो झालाय आणि इथे काम चाललंय त्याच अ‍ॅसिडवर. देवानं उगाच पाठवलं का मला?

५ डिसेंबर, दुपार
कामेश्वरी मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं. अंगातलं एक एन्झाइम हे अ‍ॅसिड बनवतं. त्याला एक खाच असते. तिच्यात घट्ट बसेल असा रेणू काढला की त्याचं काम ठप्प. कॉम्प्युटर मार्क देतो. जितके उणे, तितका रेणू हुशार! शाळेत हा नियम असता तर मी आज कलेक्टर असतो.

८ डिसेंबर
जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी माउस दिला. माझा रेणू उणे चार, त्यांचा उणे नऊ. उद्यापासून गोंगुरा-भात कमी, अभ्यास जास्त.

९ डिसेंबर
भात कमी झाला नाही. पण युक्ती सापडली. रेणूला शेपटी जोडली की मार्क आणखी खाली. जोडत सुटलो.

१२ डिसेंबर
उणे पंधरा!!! मॅडम हसल्या. आनंदानंच. माझ्याच नावावरून नाव ठेवलं जोगा-१. नान्नांना कळवलं, संक्रांतीला औषध घेऊनच येतो, धीर धरा. ते म्हणाले, मग संक्रांतीच्या झुंजीला कोंबडा घेऊन मी स्वतः चालत जाणार.

२० डिसेंबर
प्रयोगशाळेत रेणू बनवणारे सुब्बारायडू सर जळतात. म्हणे, अरे बाबा, हा रेणू आहे की लग्नाची वरात? एवढं धूड कुठेही चिकटणारच. पाण्यात विरघळणार नाही, रक्तात जाणार नाही. विरघळवायचं उद्या बघतो.

२९ डिसेंबर
राहिलं. एसी गळत होता.

४ जानेवारी
आक्का किंचाळलीच. नान्नांनी डॉक्टरची गोळी तीन आठवडे बंद ठेवलीय. म्हणे, पोराचं औषध येतंय, जुनं कशाला? आता पाय जमिनीला टेकत नाही. कोंबडा अंगणात माजलाय, मालक खाटेवर. मी फक्त धीर धरा म्हटलं होतं. गोळी सोडा म्हटलं नव्हतं. (सोडू नका, असंही नव्हतं.)

५ जानेवारी
मॅडमना त्या गोळीचा फोटो दाखवला. म्हणाल्या, अरे जोगाराव, ही त्याच खाचेत बसते, तुझ्या जन्माच्या आधीपासून. स्क्रीनवर काढून दाखवली. माझ्या एका शेपटीपेक्षा लहान. मार्क उणे सहा. उणे सहा! आणि गावोगावचे अंगठे हीच टेकवते. आधी डॉक्टर, मग ते सांगतील तशी गोळी, आणि तुझं तोंड बंद, म्हणाल्या.

६ जानेवारी
नान्नांना सांगितलं, जोगा-१ला जरा वेळ आहे. ते म्हणाले, आता कोंबड्याला काय सांगू?
संक्रांतीच्या बसचं तिकीट रद्द केलं. त्याच पैशांतून नान्नांची रिक्षा, डॉक्टर, गोळ्या मिळून पाठवतोय, २,१४० रुपये.