पत्र्यावरचे आजोबा

पहूर, रविवार दुपार

तीर्थस्वरूप रुपचंदनाना,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे जीवरामचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या अंगठ्यावर हातोडी बसली आहे, तरी तुमच्यासाठी जोडलाच.) तुमचा गुडघा जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल. केळीवर करपा नाही, आणि मुख्य म्हणजे आपल्या नूतनचं लग्न ठरलं. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस फोनवर दर वाक्याला चूक काढतो. कागदावर तुम्हाला मला मधेच अडवता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

झालं असं, की पारोळ्याहून पाहुणे यायचे ठरले. मुलगा नूतनला पसंत होता. (दोघं आधीच फोनवर बोलून मोकळे झाले होते, आई-बापाला मागाहून कळवण्यात आलं.) पण त्या घरात शब्द चालतो तो मुलाच्या आजोबांचा, पुनाआबांचा. आबांनी तीस वर्षं फौजेत काढली आहेत आणि आधीची दोन स्थळं त्यांनी बैठकीत बसल्या बसल्या नाकारली होती. एक तर म्हणे चहा कोमट होता म्हणून. नूतन चार दिवस धड जेवली नाही हो नाना. पोरीचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी ठरवलं, फौजी माणूस आहे, आपली बैठक बघूनच त्याची छाती फुगली पाहिजे. आता आपल्या बैठकीत काय होतं? कीटकनाशकाच्या कंपनीचं कॅलेंडर. गल्लीत बाकी प्रत्येकाच्या भिंतीवर सात पांढरे घोडे पळतात, ते मला नको होते. शोधता शोधता फोनवर जुन्या लढायांची चित्रं सापडली. पूर्वी म्हणे ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायचे, आणि आता कागदावरची उचलून अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापतात, म्हणजे चित्र फिरून पत्र्यावरच आलं. (इथे तुम्ही काहीतरी दुरुस्ती सुचवणार होतात. राहू द्या.) मी तीन चित्रांचा संच मागवला. फोनवर ती नखाएवढी होती आणि मला त्यात नुसतं शौर्य दिसलं.

खोकं उघडलं तेव्हा बाकीचंही दिसलं. पहिल्या चित्रात किल्ल्याला वेढा, तोफा, धूर, आणि तटावरून खाली पडणारी माणसं. दुसऱ्यात घोडे माणसांवर आणि माणसं घोड्यांवर. तुमच्या भावजयीने, म्हणजे कुंदाने, चष्मा लावून मुडदे मोजले, एक्केचाळीस भरले. "तुमाले पोरीचं जमवाचं हाये का लढाई लावाची हाये?" एवढंच ती बोलली, पण स्वर असा होता की दुसऱ्या चित्रातला मी बेचाळिसावा वाटलो. खिळे ठोकायला बोलावलेले वेल्डिंगवाले मुख्तारभाई पत्र्यावर टिचकी मारून म्हणाले, "जीवरामभाऊ, माल चांगला आहे, कूलरला बसवू का?" शेवटी दोन्ही लढाया गोठ्यात गेल्या. तिसऱ्या चित्रात अंडाकृती चौकटीत एकच सरदार होता. छातीपर्यंतचा, भरघोस मिशांचा, टोपीवर पिसांचा झुपका. याचे निदान हातपाय तुटलेले दिसत नाहीत, म्हणून कुंदाने तो राहू दिला. तो मी स्वतः टांगला. (अंगठा तिथलाच.)

नाना, माझी चूक इथे झाली. आपल्याकडे बैठकीच्या भिंतीवर मिशांचा एकटा माणूस कधी टांगतात, हे मी विसरलो. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी आपली आत्या, म्हणजे अक्का, एरंडोलहून आली. उंबऱ्यात चपला काढल्या, वर पाहिलं आणि पिशवी हातातून सोडून दिली. "बापू!" म्हणाली. "बाप्पा रे, माह्या बापाचा फोटो! जीवराम, कुठी सापडला रे तुले?" तुम्हाला माहीतच आहे, आजोबा गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि त्यांचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. "हीच मिशी. हाच फेट्याचा तुरा," असं म्हणत ती रडत होती आणि हसतही होती. मी तोंड उघडलं, तर कुंदाने माझ्या पायावर पाय दिला. मुडदे मोजणारी बाई ती, पण तिचेही डोळे भरले होते. तासाभरात सरदारसाहेबांच्या टोपीवर कुंकू लागलं, गळ्यात झेंडूचा हार पडला, आणि समोर उदबत्ती.

तेवढ्यात जीप आली. पुनाआबा आत आले, ताठ, काठीशिवाय. हार बघून चित्रासमोर थांबले. अक्का डोळे पुसत म्हणाली, "माहे वडील." आबांनी चित्राकडे बघितलं, मग अक्काकडे, मग माझ्याकडे. नूतन चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. खरं सांगावं तर अक्काचा बाप दुसऱ्यांदा मरतो, आणि खोटं सांगावं तर पोरीचं लग्न खोट्यावर उभं राहतं. आबांनी टाचा जुळवल्या आणि खणखणीत सलाम ठोकला. अख्खी बैठक उठून उभी राहिली.

चहा झाल्यावर त्यांनी मला बाजूला ओट्यावर नेलं. म्हणाले, "पाहुना, हाऊ गोरा शे."

आजोबा नव्हेत, कोणी गोरा साहेब आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. मी मान खाली घातली. सगळं सांगून टाकलं, अगदी गोठ्यातल्या लढायांसकट.

"ते माले दिसनं. पन माय रडी राह्यनी व्हती, मंग ठोकी टाका सलाम," आबा म्हणाले. "जठे म्हतारीना रडाले इतला मान शे, तठली पोर आमले जोयजे. चला, सुपारी फोडा."

सुपारी फुटली नाना! नूतन त्या दिवशी चार भाकरी जेवली. मी आनंदाने गोठ्यात जाऊन म्हशीलाही गूळ चारला. तुम्ही दोघं आठ दिवस आधीच या, वहिनींशिवाय रुखवत व्हायचं नाही. थोरामोठ्यांना माझे नमस्कार पोचवा आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
जीवराम

ता. क. आता खरं काम सांगतो. अक्का येत्या गुरुवारी महिनाभरासाठी तुमच्याकडे धुळ्याला येते आहे. "रुपचंदनं बी आजा पाह्यला नाही," म्हणून हट्टाने तिने तुमच्यासाठी तसंच दुसरं चित्र मागवायला लावलं, ते तिच्या पिशवीत आहे. भिंतीला खिळा ठोकून ठेवा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात त्या गृहस्थाचं नाव, देश आणि साल छापलेलं आहे आणि तुम्ही ते वाचणारच. वाचा, पण मनात. पस्तीस वर्षं पोरांना खरं शिकवलंत, आता एक महिना गप्प बसा.

आणखी एक. काल सकाळी केळीच्या बागेत निघताना मी चपला काढून त्या चित्राला हात जोडले आणि नूतनचं ठरल्याचं त्यांना सांगितलं. अक्कासाठी करावं लागतं, असं तुम्हाला लिहिणार होतो. पण अक्का तेव्हा शेजारी गेली होती आणि घरात मला बघायला कोणीच नव्हतं.