सोनूचं बोलणं

पिंपरी, ७ जुलै २०२४

ती. बाबूजींना,
चेतनाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

सोनूला कामठ्याला सोडून आल्यापासून घर खायला उठतं. पाळणाघरात सारखा आजारी पडायचा, म्हणून काळजावर दगड ठेवून तुमच्याकडे ठेवला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट मायला नीट समजावून सांगा. पुढच्या वर्षी सोनूची नर्सरीची मुलाखत आहे. त्याच्याशी आपल्या पवारी बोलीत बोलू नये. नागपूरच्या हॉस्टेलात मी तोंड उघडलं की पोरी हसायच्या. ते त्याच्या वाट्याला नको. शुद्ध मराठीच बोला. चित्रांचा तक्ता पाठवला आहे. माय रागावली तर रागावू द्या.

तिघांची आठवण काढणारी तुमची,
चेतना

कामठा, २१ जुलै

चि. चेतनास,
बाबूजीचे अनेक आशीर्वाद.

तक्ता ओसरीच्या भिंतीला ठोकला. धानाची रोवणी आटोपली, गुडघे तेवढे बोंबलताहेत. तुझा निरोप मायला शब्दनशब्द सांगितला. ती रागावली नाही, याचंच नवल. नुसती मान हलवून चुलीकडे वळली. इतक्या वर्षांच्या संसारात माझं एवढ्या लवकर कधी ऐकलं नव्हतं.

शिकवणी माझ्याकडे. मी मोठ्यानं हत्ती म्हणतो, पोरगा हत्तीवर बोट ठेवतो. गाय, बस, छत्री, एकही चुकत नाही. हुशारी आजोबाची आहे, हे तुझ्या सासरी कळव. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून काढून ठेवलं आहे, त्यामुळे तो काय बोलतो ते ऐकू येत नाही, पण त्याला सगळं समजतं. काळजी नसावी.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
उमराव

कामठा, १५ सप्टेंबर

चि. चेतनास,
आशीर्वाद.

हे लिहायला हात धजत नाही. अंगणवाडीची प्रेरणा काल घरी आली. तिनं पाटीवर लिहून मला विचारलं, सोनू घरी काय काय बोलतो. मी म्हटलं, सगळं. तिनं लिहिलं, अंगणवाडीत तो एक शब्द बोलत नाही. टाळी वाजवली की वळून पाहतो, म्हणजे कान शाबूत आहेत. तुझ्याकडून येताना मम, पाणी, दे असं म्हणायचा, तेही गेलं.

मग तिनं मायला खोदून विचारलं आणि पाटीवर मला उतरवून दिलं. तुझा निरोप आल्यापासून माय त्याच्याशी बोललेलीच नाही. न्हाऊ घालते, भरवते, थोपटते, सगळं मुक्यानं. तिचं म्हणणं, मले दुसरी बोली येत नाही, पोरीनं हीच नको म्हटली, मग तोंड कायले उघडायचं. आपल्या बोलण्यानं लेकराचं वाटोळं होईल, ही भीती तिनं पोटात धरली होती. मी बहिरा. घर मुकं झालं हे मला कळलंच नाही.

प्रेरणा म्हणते, लेकरू ऐकून ऐकून बोलतं. घरात जी बोली असेल ती पोटभर बोला. आता तूच मायला लिही. माझं ती ऐकणार नाही.

उमराव

पिंपरी, २२ सप्टेंबर

ती. बाबूजींना,
सा. न.

मायला फोन केला, पण मला रडू फुटलं आणि तिनं ठेवून दिला. म्हणून हे तिला वाचून दाखवा.

माय, चूक माझी आहे. ज्या बोलीत तू मला वाढवलंस, तीच मी तुझ्या तोंडून काढून घेतली. आता बोल. गाईला हाकलतेस ते, कोंबड्यांवर ओरडतेस ते, बाबूजींच्या पाठीमागे पुटपुटतेस ते, सगळं त्याला ऐकव. दिवाळीला येते, तेव्हा मलाही हवा तेवढा बोल लाव.

तुझीच,
चेतना

पिंपरी, २८ नोव्हेंबर

ती. बाबूजींना,
साष्टांग नमस्कार.

मायची तेरवी करून सोनूला इकडे आणलं, पण घरात अजून कुणाचं मन लागत नाही. माझी दिवाळीची तिकिटं काढलेली होती, बाबूजी. माय आणखी आठ दिवस थांबली नाही. प्रेरणानं सांगितलं, शेवटचे चार आठवडे माय सोनूशी अखंड बोलत होती. भाजी निवडता निवडता बोलतच ओसरीवर कलंडली. आणि तो तेव्हाही गप्पच होता. मला वाटलं, तिचं सगळं बोलणं वाया गेलं.

काल सोनू बोलला. मी ताटात वरण जास्त वाढलं, तर कमरेवर हात ठेवून मला रागावला. अख्खं वाक्य, पवारीत, मायच्याच हेलात, शेवटचा शब्द लांबवून. माझ्या हातातली पळी खाली पडली. तेव्हापासून त्याचं तोंड मिटलेलं नाही. शेजारीण हसली. मी तिला हसू दिलं आणि त्याला पवारीतच उत्तर दिलं. शब्द आठवावे लागतात, आणि आठवले की रडू येतं.

जेवणाची हयगय करू नका.
चेतना

कामठा, ५ डिसेंबर

चि. चेतनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपतो. सोनू बोलला, देव पावला. तू मात्र मायच्या मरणाचं ओझं उरावर घेऊ नकोस.

माझं दुःख वेगळं आहे, तुला सांगतो. ते चार आठवडे मी ओसरीवर तिच्या समोरच बसलेला असे. ती बोलायची, पोरगा तिच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. मला तिचे ओठ हलताना दिसायचे आणि तेवढ्यावर बरं वाटायचं. यंत्र कानात घालावं, असं एकदाही मनात आलं नाही. ती काय बोलली, ते आता फक्त सोनूला ठाऊक आहे.

म्हणून एक मागतो. तो दिवसभरात जे बोलेल ते मला लिहून पाठवत जा. जसं बोलेल तसंच, पवारीत. शुद्ध करू नकोस.

तुम्हा तिघांवर जीव असलेला,
बाबूजी