बाबांच्या गाडीचा खोकला

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. दरवेळी हा शब्द मी रीत म्हणून लिहितो, या वेळी तो वस्तुस्थिती म्हणून लिहिला आहे. मी पलंगावर पालथा पडलोय, छातीखाली उशी, उशीपुढे पाट आणि पाटावर हा कागद. मला उभं राहता येतं, आडवं पडता येतं, फक्त बसणं तेवढं डॉक्टरांनी बंद केलंय. (का, ते पुढे येईलच. घाई करू नका.) तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा खांदा काय म्हणतो? नातवाला दात आले का, आणि आले असतील तर सध्या तो ते कुणावर चालवतो? इकडे आम्ही सगळे मजेत. तुमची बहीण मजेत. कन्या नोकरीच्या गावी मजेत. बाबांची गाडीही मजेत आहे. किंबहुना तिच्याइतकं मजेत सध्या या घरात कुणीच नाही, आणि पत्राचं कारण तेच आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही आधी ओरडता आणि मग ऐकता. पत्रात माणसाला आधी सगळं वाचावं लागतं. तेव्हा आता शांतपणे खुर्चीत बसा (बसता येतं याबद्दल मनातल्या मनात आभार माना) आणि पुढे वाचा.

तुमचे बाबा गेल्यावर त्यांची ती मोटार बसवलेली सायकल तुम्ही मला दिलीत, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. काळी जुनी सायकल, मधल्या त्रिकोणात बाबांनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं टू-स्ट्रोक इंजिन, वरच्या दांडीवर पेट्रोलची चपटी टाकी, आणि डाव्या बाजूला दुसरी चेन. हँडल माझ्या हातात देताना तुम्ही एवढंच म्हणालात, "चालवा, पण उघडू नका." मी मान डोलावली. ती मी प्रामाणिकपणे डोलावली होती, दादा. पण तुम्हीही विचार करायला हवा होता की आपण हे कुणाला सांगतोय. माझा जन्म शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात गेला. माझ्या दुकानात येणारी प्रत्येक बाई एकच तक्रार घेऊन येते, मशीन आवाज करतंय. आणि माझ्या दुकानातून जाणारं प्रत्येक मशीन मुकाट्याने जातं. आवाज म्हणजे बिघाड, एवढीच माझी विद्या. अशा माणसाच्या हातात तुम्ही खोकणारं इंजिन दिलंत आणि वर सांगितलंत, उघडू नका.

तो खोकला तुम्हाला आठवत असेलच. आधी फटफट नीट चालायची, मग वळणावर थ्रॉटल सोडला की एक खोकला, मग आपण कुठे निघालो होतो हेच विसरल्यासारखी ती गप्प व्हायची, आणि आता बंद पडली असं म्हणेपर्यंत पुन्हा फटफट. वर्षभर मी ते सहन केलं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून गल्लीच्या कोपऱ्यावर वळलो की ती खोकायची, आणि स्वयंपाकघरातून तुमच्या बहिणीचा आवाज यायचा, "आले." फाटकात शिरेपर्यंत चहाचं आधण चढलेलं असायचं. मला त्याचा मोठा अभिमान होता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायको नुसत्या चाहुलीवर आपल्याला ओळखते, असं मी चारचौघांत सांगायचो. (समोरचा टेलर तर या गोष्टीला इतका कंटाळला की मी तोंड उघडलं की तो मशीन चालू करायचा.)

आणि मग हात शिवशिवायला लागले. म्हटलं, नुसता प्लग पुसून ठेवू. प्लग काढला तर आत काजळी. काजळी आहे म्हणजे हेड उघडायला हवं. हेड उघडलं तर पिस्टन सिलिंडरमध्ये हलत होता, रिंगा झिजून कागदासारख्या झालेल्या. एवढं पाहिल्यावर माणूस झाकण कसं लावणार? नवा पिस्टन आणला, नव्या रिंगा आणल्या. रिंगा नव्या तर कार्बोरेटर जुना का, म्हणून तो मोठा बसवला. हवा आत शिरायची वाट बाबांनी ओबडधोबड ठेवली होती, ती कानशीने घासून, पॉलिश पेपर मारून आरशासारखी केली. हेडखाली पातळ गॅस्केट घातलं, म्हणजे दाब वाढतो. सायलेन्सर गंजला होता, तो काढून लांब नळीचा नवा वेल्डिंग करून घेतला. जुनं सगळं एका डब्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकलं, आणि देताना मला, काय सांगू, आंघोळ केल्यासारखं हलकं वाटलं.

इंजिन चालू केलं तेव्हा मी स्वतःच दचकलो. शिलाई मशिनासारखं चाललं हो! एकसारखं, गोड, कुठे अडखळणं नाही. तुमची बहीण दारात आली, उभी राहिली, "छान झाली" म्हणाली आणि आत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कांदे चिरत असेल असं मी धरून चाललो.

आता बसण्याविषयी. बाबांच्या गाडीला पायी चालणारी माणसं मागे टाकायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याच सवयीने क्लच सोडला. गाडी माझ्याखालून निघाली आणि मी तिच्यामागून, दोन्ही हातांनी हँडल धरून. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने दोऱ्यांवर कपडे वाळत घातले होते, त्यातून मी आरपार गेलो आणि पलीकडे निघालो तेव्हा माझ्या तोंडावर दवाखान्यातला एक पांढरा कोट होता. पुढचं काही मला दिसलं नाही, पण ज्यांनी पाहिलं ते सांगतात की कोटाच्या बाह्या दोन्हीकडे पसरून मी फार ऐटीत चाललो होतो. रस्ता वळला. मी वळलो नाही. तिथे रोपं विकणाऱ्याने गुलाबाच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. पहिल्या ओळीत गाडी थांबली, मी मात्र तिसऱ्या ओळीत जाऊन बसलो. ते माझं शेवटचं बसणं. रोपवाल्याने धावत येऊन आधी कुंड्या मोजल्या, मग मला उठवलं, आणि मग विचारलं, "डॉक्टर, लागलं का हो?"

दादा, इथपर्यंत हसला असाल तर हसून घ्या.

संध्याकाळी मी असाच पालथा पडलो होतो आणि तुमची बहीण चिमट्याने काटे काढत होती. मी सवयीप्रमाणे बोलत होतो. गाडी पडली तरी इंजिनाचा आवाज बदलला नाही, बघ काम कसं झालंय, वगैरे. तिने आणखी एक काटा काढून वाटीत टाकला. मग म्हणाली, "आता कोण आलं ते कळतच नाही." मी म्हटलं, मीच येणार, दुसरं कोण येणार? तर काटे काढता काढता, जराही आवाज न चढवता ती म्हणाली, "बाबा गेल्यापासून रोज संध्याकाळी कोपऱ्यापासून फाटकापर्यंत बाबाच यायचे. फाटकातून आत तुम्ही यायचात. पण तेवढं पुरायचं मला."

उशीत तोंड होतं ते बरं झालं. चाहूल माझी नव्हती, दादा. ते "आले" माझ्यासाठी नव्हतंच. आणि खरं सांगतो, त्याचं मला वाईट वाटलं ते पहिल्या घटकेपुरतंच. नंतर वाटलं ते हे, की त्या बाईला दिवसातून तेवढा एक तुकडा बाप परत मिळत होता, आणि तो मी कानशीने घासून, पॉलिश पेपर मारून साफ केला. ती रागावली असती तर मी भांडलो असतो, भांडण मिटलं असतं. ती रागावलीच नाही. औषध लावलं, चादर घातली आणि चहा आणला. तो चहा मी पालथ्याने प्यालो, अर्धा कानात गेला.

दुसऱ्या दिवशी उठून (चालत) भंगारवाल्याकडे गेलो. म्हटलं, माझा डबा परत दे. तो म्हणाला, ॲल्युमिनियम होतं ते कधीच वितळायला गेलं. म्हणजे बाबांचा पिस्टन आता कुणाच्या तरी घरी कुकरचं झाकण झाला असेल. त्या घरचा कुकर तरी शिट्टीआधी खोकत असावा अशी माझी इच्छा आहे.

तेव्हापासून मी एकाच उद्योगाला लागलोय, चांगलं इंजिन बिघडवण्याच्या. तुम्हाला वाटेल त्यात काय अवघड आहे. फार अवघड आहे. बिघडवायला कुणीही बिघडवेल, पण बाबांच्यासारखं बिघडवायचं म्हणजे काय करायचं? कार्बोरेटरची सुई वर उचलून पेट्रोल जास्त सोडलं, तर खोकण्याऐवजी ते ढेकर द्यायला लागलं. पेट्रोलमध्ये ऑईल वाढवलं, तर गल्लीत एवढा धूर झाला की समोरच्यांनी बंबाला फोन केला. नव्या रिंगा मुद्दाम घासून झिजवल्या. (ज्या हातांनी आयुष्यभर यंत्रं नीट केली त्या हातांनी हे करताना दुकानाचं दार आतून लावून घेतलं होतं.) सायलेन्सरला भोक पाडलं, ते बुजवलं, पुन्हा जरा डावीकडे पाडलं. प्रत्येक बदलानंतर कोपऱ्यावर जायचं आणि तिथून फाटकापर्यंत यायचं, पेडलवर उभं राहून, कारण सीटशी माझे संबंध तुटलेले आहेत. आणि फाटकात येऊन विचारायचं, "हा होता का?" ती हात पुसत दारात येते, मान तिरकी करून ऐकते आणि म्हणते, "नाही, जरा जाड होता." म्हणते, "नाही, इतकी घाई नव्हती त्यात." मग मी परत.

तुम्ही विचाराल, मोबाईलवर कुणी आवाज टिपला नव्हता का? कन्येने एकदा व्हिडिओ काढला होता. गाडी अंगणात चालू आहे, छान खोकते आहे, आणि तिच्यावर सबंध वेळ मी बोलतोय. "ही खोकते ना, हे सगळं मी बंद करणार आहे." शेवटी मी बोलायचं थांबतो तेव्हा इंजिनही थांबलेलं असतं.

पण आता काळजी नको. कळवायला आनंद वाटतो की परवा मी कोपऱ्यावरून आलो, गाडी वळणावर खोकली, गप्प झाली, पुन्हा सुरू झाली, आणि तुमची बहीण दारात येऊन म्हणाली, "हो, हाच." मी तिथेच पाना खाली ठेवला. चहा झाला. तेव्हा झालं गेलं विसरून जावं, गाडी होती तशी आहे असं समजावं आणि मला क्षमा करावी. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढवा म्हणायला मला तोंड नाही.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. रोपवाला मला अजूनही डॉक्टर म्हणतो. परवा त्याने जीभ दाखवली. मी म्हटलं, पाणी भरपूर पी.

ता. क. चा ता. क. एक विनंती आहे, तीच खरी. शक्य तितक्या लवकर इकडे या. लहानपणी तुम्ही तोंडाने बाबांच्या गाडीचा आवाज काढायचात आणि ही धावत फाटकात जायची, असं तिने सांगितलंय. आवाज फोनवर ऐकवू नका, फोनमध्ये सगळी इंजिनं सारखीच वाटतात. तुम्ही समोर बसून ऐकवा, मी सुई त्याप्रमाणे लावतो. तिला सांगा, इथल्या डॉक्टरांना गुडघे दाखवायला आलोय. आणि येताना बसमध्ये कानात कापूस घालून बसा. दुसऱ्या कुठल्याही इंजिनाचा आवाज ऐकू नका, मी चेष्टा करत नाहीये.

आणखी एक. हे पाकिटात घालण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून आज मी सुई मुद्दाम चुकीच्या खाचेत लावून कोपऱ्यावरून आलो. परवाच्या आणि आजच्या आवाजात जमीनअस्मानाचा फरक होता, समोरच्या टेलरलाही कळला. तुमची बहीण दारात आली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "हो, हाच." म्हणजे एकतर ती माझ्यावर दया करते आहे, नाहीतर मी ऐकवलेले इतके खोटे आवाज ऐकून खरा तिच्या कानातून पुसला गेलाय. दया असेल तर माझी काही तक्रार नाही. दुसरं असेल तर तो आवाज आता फक्त तुमच्याकडे उरलाय. जपून या.