दीड इंच उंच सीट

चि. निखिल यास आशीर्वाद,

पवईहून नवी गाडी घेऊन तू विक्रोळीला आलास. आई पुढच्या सीटवर बसली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "निखिलच्या गाडीत गुडघे दुखत नाहीत हो!" तेव्हापासून माझी जळजळ थांबलेली नाही. कर्जाची गाडी ती! मी कुणी न शिकवता लिफ्टचं काम शिकलो, एक रुपया उसना न घेता.

तू चहा पीत होतास तेव्हा तुझी सीट मी टेपने मोजली. मी घ्यायला पसंत केलेल्या गाडीची त्याहून दीड इंच उंच आहे. पण रोख भरायचे तर लेकीच्या, अपूर्वाच्या कॉलेजची एफडी मोडावी लागते. म्हणून नाक मुठीत धरून बँकेत गेलो.

तिथली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही कधी लोनच घेतलं नाही ना, म्हणून स्कोअरच नाही. जामीनदार आणा. घरात कोणाचा स्कोअर चांगला आहे?"

तुझा आहे. तूच सांगत फिरतोस.

"त्याची सही मागण्यापेक्षा एफडी मोडेन," मी घरी ठणकावलं. तुझी वहिनी म्हणाली, "मोडा. अपूर्वाला तुम्हीच सांगा."

जामीनदाराच्या रकान्यात तुझं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलंय, पण पेन्सिलने. रविवारी कदाचित फॉर्म घेऊन येईन. हे पत्र आणणार नाही.

तुझा दादा