सुनेला रडवणारा बटाटा

प्रिय एर्लिंडा,

तुमच्या संशोधन केंद्राचा नवा वाण वरच्या शेतात तगला, ही बातमी आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. खालच्या वावरात करप्याने पाला काळा पडला, वर मात्र तुझी रोपं हिरवीगार उभी आहेत. आपल्या जुन्या वाणांत मिसळूनच लावली होती; डोंगरावर एकाच वाणाच्या भरवशावर राहायला आम्ही अजून वेडे झालेलो नाही. दोन बटाटे उकरून उकडून पाहिले. चव साबणासारखी आहे. ती तेवढी सुधार.

लग्न होऊन आलीस तेव्हा रीतीप्रमाणे मी तुला गाठीगाठींचा बटाटा सोलायला दिला होता. सुनेला रडवणारा, हेच त्याचं नाव. साल जाड निघाली की सून उधळी, म्हणून सगळ्या बायका टपून बसल्या होत्या. तू तो उलटासुलटा पाहिलास आणि सरळ खिशात टाकलास. “एवढं चांगलं बियाणं सोलून कुणी खातं का, आई?” यावर माझी जाऊ ग्रेगोरिया म्हणाली, “सून कसली, चोर आणलास घरात.” माझा लेक फ्लोरेंसियो तर हसून हसून लोळायचा बाकी होता. मला तू त्याच दिवशी आवडलीस.

फ्लोरेंसियो वारल्यापासून तू सुगीला येत नाहीस. बियाण्याची पोती ड्रायव्हरबरोबर धाडतेस आणि खुशाली विचारतेस. तोंड का लपवतेस ते मला कळलंय. ग्रेगोरियाने तुला पिसाकच्या बाजारात तुमच्या केंद्रातल्या एका माणसाबरोबर पाहिलं. घरी आल्या आल्या म्हणाली, “तुझी सून खुशाल हसत होती गं.” मी म्हटलं, “हसू दे. रडायचं ते माझ्या गळ्यात पडून रडून झालंय तिचं.” लेकाच्या आठवणीने माझा जीव अजून कासावीस होतो, पोरी. पण तुला गमावलं तर घरात त्याच्याबद्दल बोलायलाही कुणी उरणार नाही.

तेव्हा या सुगीला ये, आणि त्या केंद्रातल्या माणसालाही घेऊन ये. शेतातच ढेकळांची भट्टी लावू, बटाटे भाजू. जेवणाआधी मात्र त्याच्या हातात एक सुरी आणि एक बटाटा देणार आहे. तू खिशात टाकलेला बटाटा आपण लावला होता ना, त्याच्याच वाणाचा, चांगला गाठाळ बघून बाजूला ठेवलाय. सुनेची परीक्षा झाली, आता जावई काय करतो ते बघते.

तुझीच आई,
सातुर्निना