मामाच्या यकृतावरचा आळ

ता. ३ मार्च

चि. विसरभोळ्या नातीस,

न मागता दिलेले आशीर्वाद. वि. वि. तुला एक आजी आहे हे आठवत असेल, असं धरून चालते. सविस्तर पत्र लगेच लिहिते म्हणाली होतीस, त्याला चार महिने झाले. तुमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये 'लगेच' वेगळं मोजत असतील. मला अक्षर येत नाही, म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंना मशीनवरून उठवून लिहायला बसवलंय. तुला तर शाळेत घातलं होतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या मामाच्या हातून बस काढून घेतली. बावीस वर्षं चालवली, कुणाला साधं खरचटलं नाही. डेपोत दरवर्षी तपासणी असते. यंदा पोटाची सोनोग्राफी केली तर यकृतात चरबी निघाली. मामा कसा आहे तुला ठाऊक आहे, पट्ट्याला जादा भोक पाडून घेतो तेव्हा पँट टिकते. पण डेपोच्या डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलंच नाही. कागदाकडे पाहून विचारलं, रोज किती घेता. मामा म्हणाला, थेंबही नाही. त्यावर डॉक्टर म्हणे, सगळे असंच सांगतात. आणि लिहून दिलं की दारू सुटेपर्यंत याला गाडी देऊ नये.

आता तो खिडकीमागे बसून तिकिटांचे गठ्ठे बांधतो. ज्यांना त्याने गाडी शिकवली तेच येताजाता विचारतात, मास्तर, उतरली का. मामीने घरातलं तेल बंद केलं. आम्ही सगळे महिनाभर उकडलेलं गिळतोय, आणि परत तपासलं तर चरबी होती तेवढीच आहे.

दिवसभर लोकांच्या रक्तात डोकं घालून बसतेस, तर एवढं सांग. जो पीत नाही, धड खातही नाही, त्याच्या यकृतात चरबी येते कुठून? लोभ आहे. तो आटू नये असं वाटत असेल तर उत्तर धाड.

तुझी आजी (अंगठा माझा, अक्षर शिंपीणबाईंचं)


ता. २६ मार्च

ती. आजीस,

कान पकडून नमस्कार, वि. वि. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मामाला फोन करून बोलावून घेतलं. रक्त मी स्वतः काढलं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट तपासलं. आज सगळे निकाल हातात आले.

मामाच्या रक्तात हिपॅटायटिस सी नावाचा विषाणू आहे. बरीच वर्षं असावा, कारण तो मुकाट राहतो, ताप नाही, दुखणं नाही. आजी, यकृत चरबी तयार करतं, तिची पुडकी बांधतं आणि रक्तातून बाहेर धाडतं. हा विषाणू तिथे शिरला की त्याला स्वतःची पिल्लं घडवायला चरबीच लागते. मग तो चरबी जास्त बनवायला लावतो आणि पुडकी बाहेर जाऊ देत नाही. माल येतोय आणि गोदामाचं दार बंद, तसं होतं. या विषाणूच्या काही जाती हे फार करतात, आणि मामाची त्यातलीच निघाली. म्हणजे दारूचाही दोष नाही, तेलाचाही नाही. मामीला सांग, फोडणी घाल.

गोळ्या आहेत. बारा आठवडे रोज घ्यायच्या. बहुतेकांचा विषाणू पूर्ण जातो, आणि या जातीत तो गेला की चरबीही उतरते. उशीर झाला असता तर यकृत कडक होत गेलं असतं. तसं अजून झालेलं नाही.

हा रक्तातून पसरतो. एकत्र जेवल्याने, एका भांड्यातलं प्यायल्याने नाही. जुन्या काळी एकच सुई सगळ्यांना टोचायचे, तिथून पुष्कळांना झाला. लहानपणी मामाला इंजेक्शनं कोण द्यायचं? तू आणि आईही तपासून घ्या. माझ्यावर रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी नात


ता. १४ एप्रिल

चि. नातीस,

आशीर्वाद, या वेळी कमावलेले. वि. वि. अक्षर वेगळं दिसेल. आज लिहिणारा तुझा मामाच आहे. मुद्दाम बसवलाय.

तू धाडलेला निकालाचा कागद घेऊन मी डेपोत गेले. डॉक्टर म्हणाला, होतं असं कधीकधी. मी म्हटलं, मग असं कधीकधी लिहूनही देत जा. त्याने लिहिलं की दारूचा संबंध नाही, गाडी द्यावी. मला वाचता येत नाही, म्हणून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. खिडकीपाशी उभं राहून, तीनदा. तिसऱ्यांदा 'उतरली का' विचारणारेही ऐकायला आले. सोमवारपासून मामा बसवर आहे.

आता जे सांगते ते त्याच्या तोंडाकडे बघून मला बोलवत नाही, म्हणून तुला सांगते. त्याने लिहावं. तो महिनाभर कामावरून यायचा तेव्हा डबा घ्यायच्या निमित्ताने मी दारात उभी राहायची आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. त्याला ते कळलं होतं. बूट काढायच्या आधी तो माझ्यासमोर थांबून मोठा श्वास सोडायचा, मग आत जायचा. इथे त्याने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, लिही.

आणि सुई. आठवडी बाजारात एक कंपाउंडर बसायचा. काचेची एकच पिचकारी, एकच सुई, कापसाने पुसली की पुढचं पोर. गोळी म्हणजे दाखवायचं औषध आणि दुखतं तेच खरं, अशी माझी समजूत. इतर आया पोराला एक टोचून घ्यायच्या, मी ताकदीची म्हणून दोन, वर स्वतःलाही एक. हा पळून हातगाडीखाली लपायचा. दंडाला धरून मीच ओढून आणायची. डेपोच्या डॉक्टरवर मी एवढी का तापले ते आता कळतंय. तो समोर होता, आणि सोपा होता.

मामा म्हणतो, तुला कुठे माहीत होतं. हे मी सांगितलेलं नाही, त्याने आपल्या मनाने घातलंय. राहू दे.

तुझ्या आईचं रक्त स्वच्छ निघालं. माझ्यात तोच निघाला. आम्ही दोघं सकाळी बरोबर गोळी घेतो.

पण डेपोतली माणसं सुधारायची नाहीत. दारुडा म्हणायचं थांबवलं, तर आता मामाचा पाण्याचा पेला वेगळा ठेवलाय, वर खडूने फुली. तेव्हा एक काम कर. हाताने सोलता येतील अशी गोड संत्री, चांगली पेटीभर, घरी नको, डेपोच्या पत्त्यावर पाठव. मामा सोलून एकेकाच्या हातात फोड देईल. जो घेणार नाही त्याला मी स्वतः जाऊन भरवीन. बिया कमी असलेली बघ.

तुझी आजी