वरच राहिलेला खटका

ती. मामांना साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे उभ्याउभ्याच).

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींना नवा चष्मा मानवला का? मी खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं कसं बोलू? शनिवारपर्यंत नोकरी आहे. काचा बसल्या नाहीत तर मी घरी बसायचं, असं साहेबांनी सांगितलंय.

त्याचं असं झालं. आमच्या कारखान्यात काच किती मापाची कापायची ते प्रोग्राम ठरवतो. मिलीमीटरचा अपूर्णांक आला की काचेचं माप खालच्या पूर्ण आकड्यावर ओढायचं, नाहीतर ती चौकटीत जायची नाही. आणि भोवतीच्या रबरी पट्टीचं वर ढकलायचं, नाहीतर ती पुरायची नाही. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं (साहेबांना दोन बैठका लागल्या). पण वर की खाली हे ठरवणारा खटका सगळ्या प्रोग्रामला मिळून एकच. काचेच्या हिशेबाने मी लिहिलेल्या पट्टीच्या हिशेबाला हाक मारली. त्याने येऊन खटका वर केला, काम उरकलं आणि खटका तसाच ठेवून चालता झाला. (मामी म्हणतील, लिहिणाऱ्यालाच वळण नाही.) पहिली काच अगदी बरोबर निघाली, कारण तिचं माप खटका वर जायच्या आधीच ठरलं होतं. ती मोजून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली आणि पुढच्या बासष्ट काचा मिलीमीटरभर मोठ्या निघाल्या. भट्टीत कडक केलेली काच पुन्हा कापता येत नाही, तिचा चुराच होतो.

आता खटका पूर्ववत कोणी करायचा? काचेचा हिशेब लिहिणाऱ्या शेजारच्या बाई म्हणतात, पाहुण्याने जाताना दिवा मालवावा. मी म्हटलं, यजमानाने बघू नये का? शेवटी प्रोग्राम ज्या भाषेत लिहितो तिचं जाडजूड पुस्तक उघडलं, तर त्यात लिहिलेलं की अशा वेळी काय होईल त्याची हमी नाही. म्हणजे पंचांनीच हात वर केले! काही भाषांत काम संपलं की खटका आपोआप जागेवर येतो म्हणे. पण खरं सांगू मामा? चूक माझीच. एक ओळ लिहायचा मी कंटाळा केला, आणि आता त्याची फार लाज वाटते.

तुमचा (सध्या तरी नोकरदार) भाचा

ता.क. काचा कुठल्या, हे सांगायचं राहिलं. ग्रंथालयाच्या. होय, ज्याच्या चौकटी तुम्ही केल्यात तेच. दुसऱ्या कुणा सुताराचं काम असतं तर मिलीमीटर खपून गेला असता. तुमच्या चौकटी केसभरही सैल नसतात, तिथेच घात झाला. बासष्ट चौकटी आतून जराशा तासून द्याल का?

आणखी ता.क. मामा तयार आहेत, असं मी साहेबांना कालच सांगून बसलोय. हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं तो गाडीचा ड्रायव्हर आहे. मागे काचाच आहेत. उतरवून होईपर्यंत त्याला चहा देऊ नका, पिऊन निघून जाईल.